परमुलखाचे तिखट



या व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान येऊन गेले. कोणी तुकोबांवर बोलले, कोणी अवकाशयानांवर बोलले. माझा विषय मिरची हा आहे. पत्रिकेत तो वाचून काही मंडळी हसली असतील, आणि हसण्यासारखाच तो आहे. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर माझे असे मत झाले आहे की, माणसाच्या पगाराइतकाच त्याच्या ताटाचाही प्रश्न असतो, आणि गंमत अशी की या दुसऱ्या प्रश्नावर बोलायला तो अधिक लाजतो. पगार पुरत नाही हे कोणीही चारचौघांत सांगेल. ‘मला हे तिखट खाववत नाही’ हे मात्र कोणी सांगत नाही. पाहुणा सांगत नाही, कारण यजमानाला वाईट वाटेल. कामगार सांगत नाही, कारण शेजारचा हसेल.

आपला हा किनारा पूर्वी मुंबईला माणसे पाठवणारा होता. गिरणीत, गोदीत, बोटीवर आपली माणसे गेली. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे चक्र काहीसे उलटे फिरले. थळला खताचा कारखाना आला, डोलवीला पोलादाचा आला, 1989 साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले. रोहे-धाटाव, महाड, नागोठणे येथे रसायनांचे धंदे उभे राहिले. त्यांच्याबरोबर ओरिसा, बिहार, बंगाल, झारखंड येथून माणसे आली. ठेकेदाराच्या शेडमध्ये राहिली, आणि ठेकेदाराच्या खानावळीत जेवू लागली. खानावळवाला बहुधा इथलाच. त्याच्या घरी जसे कालवण होते तसेच त्याने मोठ्या टोपात केले. त्यात त्याचे काय चुकले? आगरी-कोळी मसाला म्हणजे काय, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. चैत्र-वैशाखात डंकावर मिरच्या कुटायला नेल्या की अर्ध्या आळीला ठसका लागतो. बेडगी रंगाला, संकेश्वरी झणक्याला, आणि प्रत्येक घराची आपली एक मिरची वेगळी. आपल्याला ते कालवण पाहून तोंडाला पाणी सुटते. ज्याच्या आईने भात, दही आणि वाफवलेली भाजी यांवर त्याला वाढवले, त्याच्या डोळ्यांना पाणी सुटते.

एका कारखान्याच्या कामावर – नाव सांगत नाही, कारण नावाने प्रश्न लहान होतो – ओरिसाकडचा एक मुलगा होता. वीस-बावीस वर्षांचा असेल. पालखावर, म्हणजे उंच बांधलेल्या परांचीवर काम करणारा. दुपारी दोनच्या सुमारास त्याला भोवळ आली. सुदैवाने पट्टा बांधलेला होता. खाली उतरवून विचारले तेव्हा कळले की, नऊ दिवस तो बिस्किटे आणि चहा यांवर राहिला होता. रात्री थोडा कोरडा भात. कालवणाला हात लावत नव्हता, कारण पहिल्या दोन दिवसांतच त्याचे तोंड सोलले होते आणि पोट बिघडले होते. त्याच्या हजेरीच्या पैशांतून जेवणाची कपात मात्र रोज होत होती. आमच्यातलेच एक कार्यकर्ते म्हणाले, ‘अहो, हा काय मागणीचा विषय आहे? चार दिवसांत सवय होईल. तिखट खाता येत नाही तो कामाला कसला येतो!’ हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यात राहिले आहे, आणि आजचे व्याख्यान हे एका अर्थी त्या कार्यकर्त्यांना दिलेले उत्तर आहे.

पहिली गोष्ट अशी की, तिखट हे आपले, आणि ज्याला ते सोसत नाही तो परका, ही समजूतच टिकत नाही. मिरची स्वतः परकी आहे. तिची जन्मभूमी अमेरिका. 1492 नंतर ती युरोपला गेली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. याच पोर्तुगीजांनी 1521 साली चौलच्या खाडीच्या मुखाशी, आज आपण ज्याला रेवदंडा म्हणतो तेथे, किल्ला बांधायला घेतला, आणि 1740 पर्यंत ते तेथे होते. ज्ञानेश्वरांच्या काळी कोणाच्याही घरी मिरची नव्हती. तिखट लागे ते मिऱ्याचे, आल्याचे, पिंपळीचे. मिरचीला आपण नावसुद्धा मिऱ्यावरूनच दिले. नवा पाहुणा आला आणि जुन्या घरमालकाच्या नावाने राहू लागला, तसला हा प्रकार.

याचा जोड मला सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये मिळाला. काही वर्षांपूर्वी कामगार कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गासाठी दहा दिवस बँकॉकला राहण्याचा योग आला होता. पोर्तुगीज 1511 साली तेथील अयुथयेच्या राजाकडे पोहोचले. त्यांच्या भाषेत मिऱ्याला ‘फ्रिक’ म्हणत. मिरची आली आणि तिने ते नाव इतके बळकावले की, खऱ्या मिऱ्याला आता ‘फ्रिक थाय’, म्हणजे ‘आपले देशी फ्रिक’, असे सांगावे लागते. आज तिखट जेवणासाठी साऱ्या जगात त्या देशाचे नाव घेतात. त्यांची एक बारीक मिरची आहे. आपल्या लवंगीची बहीण म्हणा. तिचे नाव ‘फ्रिक खी नू’. अर्थ उंदराची लेंडी. नावावरून आकार कळतो. ताकद कळायला खावी लागते.

त्या वर्गात आमच्याबरोबर मंगोलियाचा एक खाणकामगार होता. त्याच्या देशात मटण, दूध आणि पीठ यांवर जेवण. मिरचीचा संबंध नाही. पहिल्या दिवशी त्याने ‘सोम तम’ खाल्ले. कच्च्या पपईचा कीस, शेंगा, लिंबू, माशाचे खारे पाणी आणि मिरच्या हे सगळे खलात ठेचून करतात. त्या माणसाचा चेहरा पाहून आम्हाला भीती वाटली. पण तो हुशार होता. दुसऱ्या दिवशी तो हातगाडीपाशी उभा राहिला आणि बाई खलात काय काय टाकते ते पाहत राहिला. बाईंनी मिरच्यांची मूठ उचलली तेव्हा त्याने एक बोट वर केले. बाई हसल्या, आणि एकच मिरची टाकली. तेथे गाडीवर ‘मिरच्या किती?’ असे विचारण्याची रीतच आहे. दहाव्या दिवशी तो तीन बोटे वर करीत होता.

मंडळी, यातली खुबी पाहा. आपण हॉटेलात ‘जरा कमी तिखट करा’ असे सांगतो. ‘कमी’ या शब्दाला माप नाही. आचाऱ्याचे कमी म्हणजे आपले जास्त. ‘एक मिरची’ याला माप आहे. वाटाघाटीला बसणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल: ‘योग्य वाढ द्यावी’ ही मागणी नव्हे, आकडा द्यावा लागतो. परमुलखात जेवायला बसणाऱ्याने आकड्यात बोलावे, हा माझा पहिला सल्ला.

सोम तमविषयी आणखी एक सांगण्यासारखे आहे. ते मुळात बँकॉकचे नव्हे. ईशान्येच्या इसान प्रांताचे आणि लाओसचे आहे. इसानची जमीन कोरडी, शेती बेभरवशाची; तेथले लोक पोटासाठी बँकॉकला आले, इमारती बांधू लागले, टॅक्सी चालवू लागले. त्यांच्याबरोबर खल आला. शहरी लोक त्या खाण्याला गावंढळ म्हणून नाक मुरडत. आज ते राजधानीच्या गल्लोगल्ली मिळते. तेव्हा स्थलांतरित मजूर शहराचे खाणे बदलतो, हेही घडते. आपल्या पेणच्या किंवा उरणच्या नाक्यावर लिट्टी-चोखा मिळू लागला आहे, त्याकडे मी याच नजरेने पाहतो.

आता तिखट म्हणजे आहे तरी काय? आपण त्याला षड्रसांत धरतो, पण शास्त्रज्ञ त्याला चव मानीत नाहीत. मिरचीत कॅप्सायसिन नावाचे द्रव्य असते. ते बियांत असते अशी समजूत आहे. खरे म्हणजे ते बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत तयार होते. हे द्रव्य जिभेवरच्या मज्जातंतूंच्या एका विशिष्ट द्वाराला जाऊन भिडते. ते द्वार वास्तविक ऊन पदार्थाचा चटका कळावा म्हणून आहे. सुमारे 43 अंशांच्या वर उष्णता गेली की ते उघडते. कॅप्सायसिन ते खोट्या किल्लीने उघडते. जीभ भाजत नाही, पण मेंदूला भाजल्याचीच बातमी जाते. घाम येतो, नाक वाहते, डोळे वाहतात. शरीर आग विझवू पाहते आणि आग नसतेच. डेव्हिड ज्यूलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1997 साली हे द्वार शोधले. त्याबद्दल 2021 साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पक्ष्यांचे हे द्वार मिरचीने उघडत नाही. पोपट मिरची का खाऊ शकतो, हे कोडे लहानपणी मला होते. त्याचे उत्तर मला चाळिशी उलटल्यावर एका वाचनालयात मिळाले.

यावरून उपाय निघतात. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. म्हणून तोंड भाजले की घटाघटा पाणी पिणारा माणूस ती आग फक्त तोंडभर पसरवतो. गार पाण्याने क्षणभर बरे वाटते, घोट उतरला की पुन्हा तेच. गरम चहा तर मुळीच घेऊ नये. त्या द्वाराला खरी उष्णताही मिळते आणि दोन्ही मिळून मारतात. दूध, दही घ्यावे. दुधातले केसीन हे प्रथिन त्या द्रव्याला धरून ओढून नेते. साखरेची चिमूट बरी. कोरडा भात किंवा तांदळाची भाकरी चावून खावी, ती पुसून नेते. आणि आपली सोलकढी! आमसुलाचा आंबटपणा आपण वाखाणतो, पण आग शमवण्याचे खरे काम तिच्यातले नारळाचे दूध करते, कारण त्यात स्निग्ध अंश आहे.

येथे बेने इस्राएलांची आठवण होते. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे पूर्वज गलबत फुटून आले असे ते सांगतात. अलिबाग, रेवदंडा, पेण या टापूत ते शनवार तेली म्हणून घाणे चालवीत राहिले. मराठी बोलू लागले, आपल्यासारखे तिखट खाऊ लागले. पण त्यांच्या धर्माप्रमाणे मांसाबरोबर दूध-दही चालत नाही. म्हणून मटणाच्या कालवणात त्यांनी नारळाचे दूध घातले. धर्म राहिला, किनाऱ्याचे तिखट राहिले, आणि जीभही वाचली. परमुलखाचे जेवण आपलेसे कसे करावे याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही, आणि तो आपल्याच तालुक्यात आहे.

बारीकसारीक गोष्टीही सांगून टाकतो. तिखट तेलात उतरते, म्हणून कालवणावरचा लाल तवंग बाजूला सारून खालचे घ्यावे. पहिला घास कोऱ्या भाताचा घ्यावा. उपाशीपोटी, विशेषतः रात्रपाळीनंतर, झणझणीत खाऊ नये. मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लावू नये. आधी खोबरेल चोळावे, मग साबण. तिखटाने पोटात व्रण होतो ही जुनी समजूत फारशी खरी नाही. व्रणाचे एक मुख्य कारण पोटातला एक जंतू असल्याचे मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1980 नंतरच्या काळात दाखवले आणि 2005 साली त्यांना नोबेल मिळाले. पण ज्याला आधीच आम्लपित्त आहे त्याची जळजळ तिखटाने वाढू शकते, आणि त्याला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून सांगणे हा निर्दयपणा आहे.

आता ‘सवय होईल’ या वाक्याकडे येतो. सवय होते, हे खरे. रोज थोडे थोडे खाल्ले तर ते मज्जातंतू मंद होतात. सांधेदुखीवर कॅप्सायसिनचे मलम लावतात ते याच तत्त्वावर. पण ‘थोडे थोडे’ हा त्या वाक्यातला निम्मा भाग आपण गिळतो. पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका खेड्यात जाऊन पाहिले, लहान मुले मिरची खायला कशी शिकतात. कोणी त्यांना सक्ती करीत नव्हते. मोठी माणसे आवडीने खातात हे मूल पाहते, किंचित चाखते, नको असेल तर सोडते, आणि चार-सहा वर्षांत आपणहून मागू लागते. आपल्या घरीही असेच नाही का? पोराच्या भाकरीला आई कालवण लावते ते बोटाने पुसून लावते. मग ओरिसाच्या पोराला, ज्याला आई येथे नाही, त्याला पहिल्याच दिवशी पळीभर का?

आणि या ‘का’चे उत्तर केवळ रीतिरिवाजात नाही. ते हिशेबातही आहे. तिखट हे गरिबाचे कालवण आहे. ज्या जिल्ह्यात 1933 ते 1939 अशी सहा वर्षे चरीच्या शेतकऱ्यांनी शेते पडीक ठेवून खोतांशी संप लढवला, तेथे मीठ-मिरचीवर भाकरी खाणे काय असते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. चिमूटभर ठेच्याने अख्खी भाकरी घशाखाली जाते. हीच गोष्ट ठेकेदाराला उमगली आहे. कालवण जहाल असले की माणूस भात जास्त आणि कालवण कमी घेतो. डाळ पातळ असली तरी कळत नाही. मासळी कालची आहे की परवाची, हे तर मुळीच कळत नाही. त्या मुलाच्या खानावळीत आम्ही चौकशी केली तेव्हा घरी खाण्यासाठी केलेले कालवण आणि कामगारांचे कालवण यांची चव एकाच माणसाच्या हातची असूनही वेगळी होती. इथलेच दोघे कामगार, जे अट्टल तिखट खाणारे, ते म्हणाले, ‘साहेब, एवढं तिखट आम्ही घरात नाही खात.’ त्या दिवशी प्रश्नाचे रूप पालटले. तो बाहेरच्यांच्या नाजूक जिभेचा राहिला नाही, सगळ्यांच्या ताटाचा झाला.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उपाहारगृह काढायला लावण्याची तरतूद होती, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत असेही त्यात होते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही संख्या शंभर होती. 2020 च्या नव्या संहितेत कंत्राटी कामगार धरून शंभर आहे. संख्या आहे, जागा आहे. पण जेवणारा कोणत्या मुलखातला, याचा विचार नाही.

हा विचार समुद्रावर झाला आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतली माणसे बोटीवर खलाशी होती आणि आहेत. जुन्या बोटींवर हिंदी खलाशांसाठी वेगळा स्वयंपाकी असे, त्याला भंडारी म्हणत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1946 सालीच खलाशांच्या अन्नाविषयी एक करार केला आणि बोटीवरचा आचारी परीक्षा दिलेला असावा असा दुसरा केला. 2006 च्या सागरी कामगार कराराने ते सर्व एकत्र आणले. त्यात स्पष्ट आहे की, बोटीवरचे अन्न पुरेसे, सकस, विनामूल्य असावे, आणि ते खलाशांचा धर्म व त्यांच्या खाण्याच्या चालीरीती लक्षात घेऊन दिलेले असावे. 2015 साली भारताने या करारावर मान्यतेची मोहोर उठवली. म्हणजे न्हावाशेव्याच्या धक्क्याला लागलेल्या बोटीवरच्या परदेशी खलाशाला आपल्या जिभेप्रमाणे अन्न मागण्याचा हक्क आहे, आणि त्याच धक्क्याबाहेर गटार खणणाऱ्या कंत्राटी मजुराला नाही. मध्ये अंतर एका शिडीचे.

त्या कारखान्यात पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही आकडा मागितला. शंभर ताटांमागे मसाला किती, डाळ किती, मासळी किती, हे फळ्यावर लिहावे. मसाला निम्म्यावर आणावा, आणि ठेचा व तेलातली चटणी वेगळ्या वाडग्यांत मेजावर ठेवावी. ज्याला हवी त्याने घ्यावी. ही कल्पना माझी नव्हे. बँकॉकच्या नूडल्सच्या दुकानात प्रत्येक मेजावर चार बरण्या असतात: साखर, माशाचे खारे पाणी, मिरचीची पूड, आणि मिरच्या घातलेला शिरका. आचारी मध्यम करतो, जेवणारा आपले ठरवतो. आठवड्यातून तीनदा ताक द्यावे असेही आम्ही म्हटले. ओरिसाच्या मंडळींनी आणखी एक मागितले: रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून तो सकाळी द्यावा. ते त्याला पखाळ म्हणतात. खानावळवाला प्रथम चकित झाला, मग म्हणाला, ‘अरे, हे तर आमची आजी खायची!’ उन्हाळ्यात शेतावर जाताना आपले लोक शिळ्या भातावर कांदा घेऊन बसत, तेच हे. अलिबागचा पांढरा कांदा त्याला तोंडी लावायला मिळाल्यावर त्या मुलांना जेवण गोड लागले.

मसाला, ठेचा आणि ताक एवढे पंधरा दिवसांत मान्य झाले, कारण त्याने ठेकेदाराचेही मिरचीचे पैसे वाचत होते. डाळ आणि मासळी यांचे वजन फळ्यावर लिहिण्याची मागणी मात्र अडली. त्यात त्याचे पैसे वाचत नव्हते. त्यावर अजून बोलणी चालू आहेत, आणि पुढची बैठक येत्या महिन्यात आहे.

माझा वेळ संपला. कोणाला काही विचारायचे असल्यास अवश्य विचारावे.